दोन फिट्सच्या मधले दिवस

सर्वांगाला झटके देणारी अपस्माराची फिट बहुधा एक ते तीन मिनिटे टिकते. महिन्याला एक फिट येणाऱ्या माणसाचा हिशेब मांडला, तर वर्षभरात जेमतेम अर्धा तास तो या आजाराच्या प्रत्यक्ष तावडीत असतो. उरलेले सगळे वर्ष त्याच्या मालकीचे असायला हवे. नोकरी, अभ्यास, भांडणे, सणवार, लग्नकार्ये, सगळे इतरांसारखेच. प्रत्यक्षात ते तसे नसते. पुढची फिट कधी येईल, कुठे येईल, कुणाच्या देखत येईल, या धास्तीने तो अर्धा तास वर्षभर पसरतो. अपस्मारासोबत जगणे म्हणजे मुख्यतः दोन फिट्सच्या मधले दिवस जगणे. त्या दिवसांत मनावर काय बेतते, याची चौकशी घरातही होत नाही आणि दवाखान्यातही क्वचितच होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांतले जवळपास 80 टक्के लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातला आकडा 1 कोटीच्या पुढे असावा, असे मानले जाते. योग्य निदान आणि नियमित औषधे मिळाली, तर यांतल्या सुमारे 70 टक्के लोकांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात. ही या आजाराची दिलासा देणारी बाजू. दुसरी बाजू अशी की, वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर अपस्मार असलेल्या दर चार-पाच जणांमागे एकाला नैराश्य आढळते. चिंताविकाराचे प्रमाणही जवळपास तेवढेच आहे. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने हे आकडे कितीतरी मोठे आहेत.

सरकारी रुग्णालयातली अपस्माराची ओपीडी डोळ्यांपुढे आणा. बाकावर दाटीवाटीने बसलेली माणसे, हातात एमआरआयची मोठी पाकिटे, कुणाच्या मांडीवर झोपाळलेले मूल. नंबर आला की डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले: गेल्या महिन्यात किती फिट्स आल्या? गोळ्या चुकल्या का? झोप नीट होते का? मग केसपेपरवर दोन ओळी, गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढची तारीख. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण बाहेर अजून साठ-सत्तर माणसे ताटकळत असतात. पण ‘जगावेसे वाटते का?’ हा प्रश्न त्या दोन ओळींत बसत नाही. विचारला जात नाही म्हणून रुग्णही तो विषय काढत नाही.

आजार आहे म्हटल्यावर माणूस खचणारच, त्यात वेगळे उपचार कशाला, असा एक समज रुग्णांच्या घरात असतो आणि काही डॉक्टरांमध्येही असतो. तो अर्धाच खरा आहे. अपस्मारातले नैराश्य केवळ परिस्थितीच्या दुःखातून येत नाही. त्याची एक मुळी थेट मेंदूत असते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म संदेशांनी बोलतात. काही रसायने हे संदेश उत्तेजित करतात, काही त्यांना आवर घालतात. हा तोल बिघडून पेशींचा एखादा मोठा गट एकाच वेळी, एकाच तालात, बेबंदपणे संदेश सोडू लागला की फिट येते. मोठ्या माणसांमध्ये ही सुरुवात बऱ्याचदा कानाच्या वरच्या भागातल्या टेम्पोरल खंडात होते. त्याच खंडाच्या आतल्या बाजूला दोन महत्त्वाच्या रचना शेजारी-शेजारी आहेत. हिप्पोकॅम्पस आठवणी साठवायला मदत करतो, तर अमिग्डाला भीतीसारख्या भावना जागवतो. म्हणजे जिथे फिट उगम पावते, तिथेच माणसाच्या मूडचेही कामकाज चालते. म्हणूनच काहींना फिटच्या सुरुवातीला अंग कापायच्या आधी काही सेकंद नुसती जीवघेणी भीती वाटते. पोटातून काहीतरी वर चढत येते, छाती धडधडते, समोर कुणी नसताना कुणीतरी मारायला आल्यासारखे वाटते. अशा रुग्णाला ‘पॅनिक ॲटॅक’ समजून वर्षभर वेगळीच औषधे दिली गेल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक असतात. ती भीती म्हणजेच फिट असते.

मन आणि फिट यांचे वेळापत्रकही गुंतलेले असते. काही जण फिटच्या आधी काही तास, कधी आदल्या दिवसापासून, विनाकारण चिडचिडे होतात. घरातली आई ते बरोबर ओळखते. ‘आज याचे लक्षण ठीक दिसत नाही’ असे ती म्हणते आणि दुपारी फिट येते. फिट ओसरल्यावर अंग ठणकते, डोके जड होते आणि त्यासोबत एक काळोखी उदासीही येते, ती दिवसभर किंवा त्याहून जास्तही टिकते. थोड्या रुग्णांत याहून गंभीर प्रकार घडतो. लागोपाठ अनेक फिट्स येतात, त्यानंतर एखादा दिवस माणूस अगदी ठीक असतो आणि मग अचानक त्याला आवाज ऐकू येऊ लागतात, संशय येऊ लागतो, देवाचा आदेश मिळाल्यासारखे तो बोलू लागतो. वैद्यकाला हा प्रकार चांगला परिचित आहे, त्यावर औषधे आहेत आणि बहुतेकदा तो काही दिवसांत ओसरतो. मधला तो ठीक असलेला दिवस मात्र घरच्यांची दिशाभूल करतो. फिटचा याच्याशी संबंध असेल हे ध्यानातच येत नाही आणि गाडी न्यूरोलॉजिस्टऐवजी देवऋषाकडे वळते.

खिन्नतेचा विकार असलेले लोक अपस्माराकडे आणि अपस्मार असलेले खिन्नतेकडे झुकतात, अशा अर्थाचे निरीक्षण हिप्पोक्रेटिसच्या नावावर सांगितले जाते. आधुनिक पुरावा बराच नंतर आला. आइसलँडमध्ये झालेला आणि 2006 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे दाखवतो की, ज्यांना आधी गंभीर नैराश्य येऊन गेले होते किंवा ज्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, त्यांना पुढे अपस्माराच्या फिट्स सुरू होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त होता. म्हणजे वाट दुहेरी आहे. अपस्मार नैराश्याला कारण ठरतो हे खरे, पण दोन्ही विकार मेंदूतल्या एकाच बिघाडातून फुटत असण्याचीही शक्यता आहे. हे रुग्णाला समजावून सांगणे फार गरजेचे आहे. ‘मी खंबीर नाही म्हणून खचलो’ असे स्वतःला बोल लावणाऱ्या माणसाला, तुझ्या मेंदूच्या आजाराचाच हा एक भाग आहे आणि त्यावर इलाज आहे, असे कळले की त्याच्या खांद्यावरचे निम्मे ओझे उतरते.

यात तिसरा धागा औषधांचा. फेनोबार्बिटाल हे औषध 1912 पासून अपस्मारासाठी वापरात आहे. स्वस्त असल्याने ते आजही अनेकांचा आधार आहे, पण ते सुस्ती आणते, काहींना उदास करते आणि लहान मुलांना कधीकधी उलट चंचल बनवते. हल्ली सर्रास लिहून दिले जाणारे लेव्हेटिरासिटाम फिट्सवर उत्तम काम करते, रक्ताच्या तपासण्यांचा व्यापही फारसा नसतो. मात्र काही रुग्णांत त्याने विलक्षण चिडचिड होते. शांत स्वभावाचा मुलगा अचानक ताट भिरकावतो, नवरा-बायकोत रोज खटके उडू लागतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही की हे सगळे नवी गोळी सुरू झाल्यापासूनचे आहे. याउलट लॅमोट्रिजिन, व्हॅलप्रोएट आणि कार्बामॅझेपिन ही अपस्माराची औषधे मूड स्थिर ठेवण्यासाठी मनोविकारतज्ज्ञही देतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 साली अशा 11 औषधांच्या 199 चाचण्या एकत्र तपासल्या. औषध घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन दर हजारी सुमारे 4 जणांत दिसले, तर बनावट गोळी घेणाऱ्यांत सुमारे 2 जणांत. धोका लहान आहे, पण तो आहे. यावरून कुणी गोळ्या बंद करायला निघाला, तर ते त्याहून कितीतरी धोक्याचे ठरेल. अचानक औषध थांबवल्याने न थांबणाऱ्या फिट्स सुरू होऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. स्वभावात बदल जाणवला तर डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे, मात्रा हळूहळू कमी-जास्त करून घ्यावी. हा मार्ग सुरक्षित आहे आणि रोजच्या व्यवहारातला आहे.

मेंदू आणि औषधे यांच्याइतकाच मोठा वाटा लपवण्याचा आहे. आपल्याकडे फिट, आकडी, फेफरे, मिरगी अशी या आजाराची नावे दबक्या आवाजातच उच्चारली जातात. लंडनमध्ये ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स या दोन संशोधकांनी अपस्मार असलेल्या प्रौढांच्या मुलाखती घेऊन 1986 साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. लोकांनी प्रत्यक्ष केलेल्या भेदभावापेक्षा, भेदभाव होईल या भीतीने त्या माणसांच्या आयुष्याचे जास्त नुकसान केले होते. भीतीपोटी ते आजार लपवत. लपवल्यामुळे कुणाला कळत नसे आणि कळत नसल्यामुळे लोक खरेच वाईट वागले असते की नाही, हे तपासण्याची संधीच येत नसे. भीती आपली तशीच राही.

हे निरीक्षण आपल्या समाजाला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. आपल्याकडे भीती निराधार नसते. लग्न मोडते, नोकरी जाते, शाळेतून ‘मुलाला घरीच ठेवा’ असा निरोप येतो. तरीही लपवण्याची किंमत इथेही तशीच मोजावी लागते, किंबहुना जास्त. ती किंमत छोट्या-छोट्या गोष्टींत दिसते. फिट्स येणाऱ्या मुलीला घरात पहिली सूचना असते ती न्हाणीघराची कडी न लावण्याची. सूचना योग्य आहे, कारण बंद दाराआड फिट आली तर दार फोडावे लागते. पण ती मुलगी आता 25 वर्षांची आहे, घर दोन खोल्यांचे आहे, त्यात भाऊ आणि वडील आहेत. अंघोळीच्या वेळी आई दाराबाहेर बसून राहते आणि दर दोन मिनिटांनी ‘आहेस ना गं?’ विचारते. आतून ‘हो’ म्हणताना मुलीच्या मनात काय येत असेल? गॅसपाशी जाऊ नको, विहिरीवर जाऊ नको, गच्चीवर जाऊ नको, लोकलच्या दारात उभी राहू नको. यातल्या प्रत्येक ‘नको’मागे प्रेम असते आणि प्रत्येक ‘नको’ने तिचे जग थोडे आकसते. मधला मार्ग असतो: कडीऐवजी दारावर ‘आत कुणीतरी आहे’ अशी पाटी, उभ्याऐवजी बसून तांब्याने अंघोळ, स्वयंपाक मागच्या शेगडीवर. पण हे बोलायला कुणाला तरी वेळ हवा.

लग्नाच्या बाजारात लपवण्याचा कळस होतो. ‘एकदा लग्न झाले की बरी होईल’ असे म्हणत मुलीचे आईवडील तिकडच्यांना काहीच सांगत नाहीत. मुलगी गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून सासरी नेते. पहिल्या काही दिवसांत जागरणे होतात, उपास होतात, गोळ्या घेताना कुणी पाहील म्हणून एखादी मात्रा चुकते. झोपमोड आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची सर्वांत हुकमी कारणे. मग फिट येते, नेमकी सगळ्यांसमोर. त्यानंतर फसवणुकीचे आरोप, माहेरी पाठवणी आणि एका तरुण बाईच्या वाट्याला आयुष्यभराची शरम.

या शरमेला काही काळ कायद्याचाही आधार होता. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात, वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरेल, अशी अट घातली गेली होती. वेड आणि अपस्मार एका ओळीत! इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही संघटना 1970 च्या दशकात मुंबईचे न्यूरोलॉजिस्ट डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती. ही अट काढण्यासाठी तिने नेटाने पाठपुरावा केला. अखेर 1999 साली संसदेने दुरुस्ती करून दोन्ही कायद्यांतून अपस्माराचा उल्लेख वगळला. तरी प्रकरणे न्यायालयात येतच राहिली. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पत्नीच्या अपस्माराचे कारण देऊन घटस्फोट मागणाऱ्या पतीचे अपील आले. अपस्मार हा असाध्य रोग नाही, तो मनोविकारही नाही आणि घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट सांगत न्यायालयाने ते फेटाळले. निकाल महाराष्ट्रातलाच आहे. लग्नाच्या वयाची मुलगी किंवा मुलगा असलेल्या आणि घरात अपस्मार असलेल्या प्रत्येक कुटुंबाला तो माहीत असायला हवा.

आई होण्याबद्दलही अशीच भीती घातली जाते. केरळमध्ये 1998 पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची पद्धतशीर नोंदवही ठेवली जाते. तिथले आणि जगभरचे अनुभव सांगतात की, अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मूल होते. व्हॅलप्रोएटसारख्या औषधाचा गर्भाला असलेला धोका खरा आहे. त्यामुळे मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषधे ठरवून घ्यावी लागतात. म्हणजे इथेही लपवण्यापेक्षा बोलणेच सुरक्षित.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ या नावाने अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आधारगट उभा केला. त्या स्वतः अनेक वर्षे अपस्मारासोबत जगल्या. लेखक अनिल अवचट यांच्या त्या कन्या. या गटाच्या कामाचा एक लक्षणीय भाग म्हणजे अपस्मार असलेल्यांसाठी भरवलेले वधू-वर मेळावे. तिथे आजार सांगूनच ओळख सुरू होते. अशा गटात पहिल्यांदा आलेला माणूस बऱ्याचदा काहीच बोलत नाही. दुसरे कुणीतरी आपल्या फिटचे वर्णन सहजपणे, चहा पिता पिता करते आणि याला आश्चर्य वाटते की हे असे मोठ्याने बोलता येते. औषधाच्या चिठ्ठीत हा उपचार लिहिलेला नसतो, पण त्याचा गुण अनेकांना आला आहे.

गावाकडे अजूनही फिट म्हणजे बाहेरची बाधा. अंगात आले, करणी केली, अमावस्येला येते म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत जे गुन्हे आहेत, त्यांत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने किंवा साखळीने बांधून मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे प्रकार नावानिशी लिहिलेले आहेत. असे प्रकार घडत होते म्हणूनच ते लिहावे लागले. फिट येणाऱ्या शाळकरी मुलाने हे सोसले असेल, तर त्याच्या मनावरचा ओरखडा फिट्स थांबल्यावरही राहतो. नाकाला चप्पल किंवा कांदा लावणे, मुठीत किल्ल्या कोंबणे हे त्यामानाने सौम्य वाटेल. त्यानेही फिट थांबत नाही, ती आपल्या वेळेनेच थांबते. पाहणाऱ्याने करायचे ते एवढेच: माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून जास्त वेळ झाला, तर रुग्णवाहिका बोलवावी. आणि त्याला शुद्ध आल्यावर भोवतीची गर्दी हटलेली असावी. डोळे उघडल्यावर वीस चेहरे वाकून पाहताना दिसणे, कपडे ओले झालेले असणे, हेच बहुतेकांना फिटपेक्षा जास्त बोचते.

आणखी एका गटाबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स म्हणून मोठ्या अपस्मार केंद्रांत पाठवलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचांतल्या एकाच्या फिट्स मुळी अपस्माराच्या नसतात. शरीर तसेच झटके देते, भान तसेच हरपते, पण त्या वेळी मेंदूचा विद्युत आलेख अपस्मारासारखा दिसत नाही. मनावरचा असह्य ताण शरीरातून असा बाहेर पडतो. व्हिडिओ चालू ठेवून त्याच वेळी ईईजी काढला, तर खात्रीचे निदान होते. यांना ‘नाटक करते’ म्हणून झिडकारले जाते. ते नाटक नसते. त्यावर त्या व्यक्तीचा ताबा नसतो आणि उपचार मानसोपचाराचा आहे. वर्षानुवर्षे अपस्माराच्या चार-चार गोळ्या गिळून हे रुग्ण सुस्त झालेले असतात, घरी मात्र ढोंगी ठरलेले असतात. काहींना दोन्ही प्रकारच्या फिट्स येतात, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढणे दोन्ही बाजूंनी घातक.

मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदाचा गायक इयन कर्टिस याचे आयुष्य या सगळ्या धाग्यांचा गुंता दाखवते. पूर्णवेळ गायक होण्याआधी तो सरकारी रोजगार कार्यालयात अपंगांना नोकऱ्या शोधून देण्याचे काम करत होता. तिथे येणाऱ्या, फिट्स असलेल्या एका तरुणीच्या मृत्यूने तो हादरला आणि त्यावर त्याने गाणे लिहिले. 1979 च्या सुरुवातीला त्याच्या स्वतःच्या अपस्माराचे निदान झाले. रात्रीची जागरणे, दौरे, रंगमंचावरचे झगमगते दिवे, जड औषधे आणि सोबतीला वाढत जाणारे नैराश्य. रंगमंचावर त्याला फिट आली, तर प्रेक्षक तो त्याच्या विलक्षण नाचाचाच भाग समजत. मे 1980 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी त्याने जीवन संपवले. त्याच्या दुःखाला अनेक कारणे होती, एकट्या अपस्मारावर खापर फोडता येणार नाही. पण डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला, 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवतो. अपस्मार असलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला आणि निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो आणखी जास्त होता. पहिले सहा महिने! नेमक्या याच काळात घरची सगळी धावपळ एमआरआय, दुसरे मत आणि नवससायास यांत चाललेली असते.

याच आजारासोबत जाँटी ऱ्होड्सने आयुष्य काढले. 1992 च्या विश्वचषकात हवेत झेपावून इंझमामला धावबाद करणारा आणि पुढे मुंबई इंडियन्सच्या क्षेत्ररक्षणाचा प्रशिक्षक झालेला हा दक्षिण आफ्रिकी खेळाडू आपल्या अपस्माराबद्दल उघडपणे बोलत आला. त्याचा आजार सौम्य होता, हे खरे. प्रत्येकाला जाँटी होता येणार नाही आणि तसा आग्रहही धरू नये. फिट्स आटोक्यात न येणाऱ्या माणसाला ‘बघ, तो कसा खेळायचा’ असे ऐकवणे क्रूरपणाचे आहे. पण शाळेच्या मैदानावरून अपस्मार असलेल्या मुलाला सरसकट बाहेर बसवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे.

मर्यादा कुठे खऱ्या आहेत आणि कुठे नुसत्या रूढ झालेल्या आहेत, हे वेगळे करणे हा अपस्मारासोबत जगण्यातला अवघड भाग आहे. पोहताना सोबत कुणीतरी हवे, ही खरी मर्यादा. वाहन चालवण्याची मर्यादाही खरी आहे. पण ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नाही, तर मोटार चालवण्याची परवानगी मिळू शकते, तर आपल्याकडे परवान्याच्या घोषणापत्रातच अपस्माराचा प्रश्न असतो आणि ‘हो’ लिहिले की वाट जवळपास बंद होते. परिणामी लोक ‘नाही’ लिहितात. नियमच खोटे बोलायला शिकवतो. दहा वर्षे फिट न आलेल्या माणसाला आणि काल फिट आलेल्या माणसाला एकच न्याय लावणे बदलले पाहिजे.

या सगळ्यात घरच्यांचे मन कुणी मोजत नाही. फिट्स येणाऱ्या मुलाची आई वर्षानुवर्षे गाढ झोपत नाही. खाट जराशी करकरली तरी ती उठून बसते. तिलाही विचारले पाहिजे.

आणि विचारायला फार वेळ लागत नाही. नैराश्य ओळखण्यासाठी खास अपस्मार असलेल्यांकरिता तयार केलेली सहा प्रश्नांची एक चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत सगळे जड जातेय असे वाटले का, अपराधी वाटले का, कशातच आनंद वाटेनासा झाला का, मेलेले बरे असे वाटले का, अशा धर्तीचे हे प्रश्न आहेत. औषधांमुळे येणारी सुस्ती आणि नैराश्य यांची गल्लत होऊ नये, याची काळजी ती घडवताना घेतली आहे. बाकावर नंबरची वाट पाहतानाच रुग्ण ती भरू शकतो, तीन मिनिटांत.

नैराश्य आढळले तर काय करायचे, याचेही उत्तर तयार आहे. ‘नैराश्याच्या गोळ्यांनी फिट्स वाढतात’ या भीतीने अनेक डॉक्टर त्या द्यायला कचरतात. ब्युप्रोपिऑन किंवा क्लोमिप्रामिन यांसारख्या मोजक्या औषधांबाबत ही भीती योग्य आहे. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी आज जास्त वापरली जाणारी औषधे नेहमीच्या मात्रेत अपस्मार असलेल्यांना सहसा सुरक्षितपणे देता येतात. समुपदेशन आणि वर्तनोपचार यांचाही उपयोग होतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अपस्माराचाही समावेश आहे. न्यूरोलॉजिस्ट बहुतांशी मोठ्या शहरांत असताना जिल्हा रुग्णालयातला मनोविकारतज्ज्ञ दोन्ही बाजू सांभाळू शकतो. त्याच्याकडे गेलो तर लोक वेडा म्हणतील, या धास्तीने तिथे जायचे टाळू नये.

तुमच्या घरात कुणाला अपस्मार असेल, तर फिट्सची तारीख लिहायची वही बहुधा असेलच. त्या वहीत फिटच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्यात झोप, चिडचिड, उदासी, भूक यांची रोज एका शब्दाची नोंद करा. पुढच्या तारखेला ती वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा. त्यांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगा. जगणे नकोसे वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीतही बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.